मेंदी रंगाचा पडदा

आमच्याकडं त्या रंगाला मेंदी म्हणतात. मोबाइलवर त्याला ऑलिव्ह म्हणतात म्हणे. जालन्यात ऑलिव्ह मागून बघा, दुकानदार तेलाची बाटली काढून दाखवील. मेंदी म्हणलं की कापडवाल्याला, रंगवाल्याला, फुलवाल्याला बराबर कळतं. कळत न्हाई ते एवढंच, की मेंदी म्हणजे हिरवा न्हाई. हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला. लोक मान हलवतात आणि वर म्हणतात, "हां हां, हिरवाच की, जरा मळका." गाढवाला गुळाची चव काय!

मी लग्नाचे स्टेज सजवते. आधी हा धंदा लेकीच्या पप्पांचा होता. बांबू, कनाती, खुर्च्या, दोन मोठे कूलर आणि गुलाबी-जांभळ्या झालरींचे गठ्ठे, एवढा त्यांचा पसारा. ते अचानक गेले तेव्हा लेक शाळेत होती. भावकी म्हणली, विकून टाक सगळं, बाईमाणसाचं काम न्हाई. मी झालरी तेवढ्या विकल्या. कारण त्या बघवत नव्हत्या. बाकीचं सगळं ठेवलं आणि स्वतः उभी राहिले. आज भोकरदनपासून आष्टीपर्यंत माझे स्टेज लागतात. तरी भावकीत मी कोण? धाकटी. विधवा. डेकोरेशनवाली.

माझ्या धंद्यात भांडण एकाच गोष्टीवरून होतं, ते म्हणजे सोनेरी. आमच्या भागात माणसाच्या हातात जरा पैसा खेळायला लागला की आधी तो सोनेरी रंग आणतो. गेटावर सोनेरी सिंह, जिन्याला सोनेरी कठडा, देवघराला सोनेरी खांब. लग्नात तर विचारूच नका. मागं सोनेरी, खाली सोनेरी, खुर्ची सोनेरी, आणि त्यात नवरी सोनेरी शालू नेसून बसलेली. पोरगी शोधावी लागते. मी सांगते, अहो, पांढरा भाकरीएवढा घ्या, मेंदी भाजीएवढा आणि सोनेरी मिठाएवढा. तर समोरचा म्हणतो, "बाई, काटकसर करायची न्हाई आम्हाला." बरं बाबा, खा मीठ.

म्हणून लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी मनाशी म्हणले, एक स्टेज तरी माझ्या मनासारखा होऊ दे. रंग लेकीनंच काढले. भायांच्या बागेतून, म्हणजे आमच्या थोरल्या दिरांच्या बागेतून, पिशवीभर मोसंबी आल्ती. लेक गोदामात माझ्याजवळ बसून एक सोलून राह्यली होती. साल एका बाजूनं अजून मेंदी, दुसऱ्या बाजूनं सोन्यासारखी पिवळी पडत आलेली, आणि आतून पांढरी. तिनं साल माझ्यापुढं धरली. "मम्मी, हे तीनच. दुसरं काही नको."

मला भरून आलं. माझ्या पोटची पोर, नजर माझीच. मी लगेच वाटी घेतली, पिवळा पोस्टर कलर ओतला आणि काडीच्या टोकानं त्यात काळा टाकला. ढवळला. पुन्हा थोडा टाकला. पिवळा आधी मळला, मंग बघता बघता मेंदी झाला.

"अगं, हिरवा तर घातलाच न्हाई तू!" लेक म्हणली.

"घालायचाच नसतो. पिवळ्यात काळं गेलं की मेंदी होतो. हिरवा वाटतो, असतो न्हाई."

ती हसली. "जगात सगळ्यांना फसवून राह्यलाय की हा रंग." मी म्हणले, फसवणारे सगळे देखणेच असतात. दोघी हसलो. एवढं साधं होतं ते. पांढरा पडदा, त्यावर मेंदी रंगाची पानं, आणि कडेनं बारीक सोनेरी रेघ. कागदावर चितारून मी तो भिंतीला चिकटवला. येता-जाता बघायची आणि बरं वाटायचं.

आता जाऊबाईंकडं वळते. जावा जावा आणि उभा दावा, ही म्हण ज्यानं केली त्याच्या घरी दोन सुना असणार. आमच्या थोरल्या जाऊबाई राजूरजवळच्या गावी राहतात, शेतीवाडी सगळी त्यांच्या ताब्यात. मोठ्या धार्मिक. चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाची रांग चुकवायच्या न्हाईत आणि रांगेतल्या बाईचं उणंदुणं काढायलाही चुकायच्या न्हाईत. सोयरीक भायांनी जमवलेली, मुलगा चांगला, घर चांगलं, लेकीलाही पसंत. म्हणून जाऊबाईंना वाटायला लागलं की लग्न त्यांचंच. मी चितारलेला कागद त्यांनी गोदामाच्या भिंतीवर बघितला, मोबाइलमध्ये फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या भावकीच्या ग्रुपवर टाकला. 'आपल्या लग्नाची थीम. सोनेरी, मेंदी, पांढरा.' आयत्या बिळावर नागोबा. मी सोडून दिलं. म्हणले, नाव त्यांचं तर त्यांचं, रंग तर माझे लागतील.

तिथंच माझं चुकलं. रंग माझेच लागले, पण मलाच लागले.

बस्त्याच्या दिवशी आम्ही सगळ्या बायका जालन्यात कापडाच्या दुकानात बसलो. लग्नाचे कपडे एकदाच, एकत्र बसून घ्यायचे, त्याला आम्ही बस्ता म्हणतो. दुकान जुनं, सेठ मूळचे राजस्थानी, पण त्यांच्या आजोबांपासून इथलेच. माझा पडद्याचा सगळा माल मी तिथूनच उचलते. पांढऱ्या गादीवर चहा फिरला आणि जाऊबाईंनी हुकूम सोडला.

"सेठजी, नवरीचा शालू सोनेरी काढा. सवाष्णींना सगळ्यांना मेंदी, एकसारख्या. थीम हाये."

साड्यांचा ढीग पडला. जाऊबाई एकेकीच्या मांडीवर मेंदी साडी ठेवत गेल्या. थोरल्या नणंदेला, मंग धाकट्या नणंदेला, दोन्ही पुतणसुनांना, चुलत सासूला. प्रत्येकीला वर दोन शब्द, "हिरवं सवाष्णीला शोभतं बाई." माझ्यापाशी आल्या आणि हात थांबला.

"आणि तुला पांढरी, धाकटे."

सेठ साडीची घडी घालत होते, ते थांबले.

तुम्हाला सांगते, लेकीचे पप्पा गेल्यापासून मी एकदासुद्धा पांढरी नेसले नव्हते. आमच्याकडं तशी रीतही न्हाई आता. कुंकू गेलं, हिरव्या बांगड्या गेल्या, पण साडीचा रंग कोणी विचारत न्हाई. मी निळी नेसते, लाल नेसते, धंद्याला जाताना जांभळा पंजाबी ड्रेस घालते. जी गोष्ट सासूनं कधी केली न्हाई ती जाऊबाईंनी माझ्याच कागदावरून केली.

"अगं, तोंड काय पाडतीस?" जाऊबाई हसल्या. "थीम तुझीच ना? सोनेरी, मेंदी, पांढरा. मी कुठं पदरचा रंग लावला? शहरात तर बायका हौसेनं पांढरं नेसतात."

लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं तर सरळ सुनेलाच लागत होतं. लेक माझ्या शेजारी बसली होती. "मोठी आई, मम्मीला पण मेंदीच द्या," ती म्हणली.

"तुला काय कळतंय गं? हळदीला, बोहल्यावर सवाष्णी लागतात. हिरवं नेसून तुझी आई सवाष्णीत उभी राहिली तर लोक काय म्हणतील? नव्या संसाराला दृष्ट लागायची का? कन्यादान आम्ही दोघं करू. तिनं खालून बघावं. फोटोपुरती ये म्हणावं वर, कडेला उभी राहा. आम्ही काय वाईट हाव का?"

असं होतं ते सगळं. साडी तर बहाणा. जी पोर मी एकटीनं वाढवली, जिच्यासाठी उन्हात बांबू मोजत उभी राहिले, तिच्या लग्नात तिच्या शेजारी उभं राहायला मला बंदी. मला दुसरं काहीच नको होतं. मान नको, ओटी नको, आहेर नको. तिच्या शेजारी उभं राहायचं होतं, एवढंच.

लेक उठली. "मंग मला हे लग्नच नको."

मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. सोयरीक मोडली असती तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं असतं? तिच्याच. "बस तू," मी म्हणले. "मी बघते." आणि सेठना म्हणले, "दाखवा पांढरी."

जाऊबाईंनी मोतिया रंगाची, बारीक फुलांची काढली. मी ती बाजूला सारली. "ही न्हाई. द्यायची तर पांढरीशुभ्र द्या. बिनफुलाची. नुसती काठाला जरीची रेघ चालंल." जाऊबाईंना वाटलं मी खचले. खरं सांगू? खचलेच होते. नुसत्या हट्टानं बोलले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा तर निदान बुक्की तरी आपण निवडावी.

घरी येऊन मी जेवले न्हाई. गोदामात जाऊन भिंतीवरचा माझा कागद बघत बसले. पांढरा पडदा, त्यापुढं मेंदी साड्यांची रांग, मधी सोनेरी लेक. किती उठून दिसतील मेल्या सगळ्या! आणि मी पांढऱ्या साडीत, पांढऱ्या पडद्यापुढं, कडेला. दिसणारसुद्धा न्हाई. भिंतीला चुना लागलाय असं वाटंल. माझ्याच हातानं मी स्वतःला पुसायची सोय करून ठेवली होती.

हा विचार आला आणि मी ताडकन उठले. अगं बाई, पडदा कुणाचा? माझा. स्टेज कुणाचा? माझा.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी सेठच्या पायरीवर उभी. नणंदेच्या साडीतलं ब्लाउजपीस शिंप्याला द्यायचं म्हणून माझ्याकडंच राहिलं होतं, ते पुढं केलं. "सेठजी, बराबर ह्याच रंगाचं थान पाहिजे. सगळा पडदा होईल इतकं."

सेठनी कापडाला कापड लावून बघितलं. तिसऱ्या थानाला रंग जुळला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "भाभी, पण साड्या न् पडदा एकच होऊन जाईल. मागं-पुढं काही समजणार न्हाई."

"बिलकुल न्हाई समजणार," मी म्हणले.

सेठनी थान फाडायला घेतलं. धंदेवाला माणूस, बायकांच्या भांडणात पडत न्हाई, पण थान बांधताना मिशीत हसत होते हे मी बघितलं.

हळदीच्या दिवशी काय झालं ते सांगायचं म्हणलं तरी अजून तळपायाची आग मस्तकात जाते. पाट मांडला, लेक बसली, मेंदी साड्यांनी तिला घेरलं. एकेक सवाष्ण हळद लावून राह्यली होती, गाणी चालली होती, आणि मी कूलरमध्ये पाणी भरत होते. लेकीनं मान वर करून मला शोधलं. मी बादली खाली ठेवली, एक पाऊल पुढं टाकलं. जाऊबाई मधी आल्या. नुसता हात आडवा केला, जसं देवळात सोवळ्याच्या वेळी करतात. मी मागं सरले. लेकीच्या डोळ्यातलं पाणी हळदीत उतरलं आणि बायका म्हणल्या, "सासरी जायचं म्हणून रडून राह्यली बघा." मेल्यांनो!

लग्न भोकरदन रस्त्याच्या मंगल कार्यालयात होतं. पहाटे उठून मी माझ्या माणसांना घेऊन स्टेज बांधला. मागं कडेपासून कडेपर्यंत मेंदी. पानं न्हाईत, फुलं न्हाईत, चुणीसुद्धा न्हाई. वर फक्त सोनेरी रेघ. उजेडाचं काम मी कुणावर सोडत न्हाई, स्वतः शिडीवर चढले. सगळे दिवे सरळ ठेवले आणि उजव्या कडेचा एक जरा जास्त वळवला. कडेला कोण उभं राहणार होतं ते मला माहीत होतं.

जाऊबाई सकाळीच तपासायला आल्या. कमरेवर हात. "पांढरा पडदा होता ना गं?"

"हिरवं सवाष्णीला शोभतं ना जाऊबाई? तुम्हीच म्हणल्या. मंग मी सगळं सवाष्ण करून टाकलं."

एवढ्या खूश झाल्या की काय सांगू. माझ्या पाठीवर हात ठेवला. "आत्ता कसं शहाण्यासारखं केलंस. जल्दी कळायला पाहिजे होतं तुला." वर पडद्याला हात लावून बघितला आणि स्वतःच्या पदराशी लावला. "अय्या, एकदम मॅच!"

"बराबर मॅच," मी म्हणले.

लेक खोलीतून तयार होऊन आली, सोनेरी शालूत. दारातच थांबली. पडदा बघितला. दारात उभ्या मेंदी बायका बघितल्या. मंग माझ्या अंगावरची पांढरी साडी बघितली. ती माझ्याच हाताखाली वाढलेली पोर, तिला फोड करून सांगावं लागलं न्हाई. जवळ आली आणि कानात म्हणली, "मम्मी, तू लई बेकार हायेस."

"रडू नको, काजळ उतरंल," मी म्हणले. माझंच उतरत होतं.

मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या. कन्यादानाला भाया आणि जाऊबाई बसले. माझ्या लेकीचा हात जाऊबाईंच्या हातात, वरून पाण्याची धार. मी खाली, पहिल्या रांगेच्याही बाजूला, वायरच्या बोर्डापाशी उभी. लोकांना वाटत होतं मी दिव्यांवर लक्ष ठेवून राह्यले. वराकडचा एक पाहुणा घाम पुसत माझ्याकडं आला. "ओ डेकोरेशनवाल्या बाई, पंखा जरा इकडं करा की."

मी पंखा इकडं केला. काय म्हणणार होते? मी नवरीची आई हाये म्हणून सांगू त्याला? पांढऱ्या साडीत, हातात वायर धरून? त्याचा काय दोष? माझ्याच स्टेजवर चढायला मला बंदी होती आणि माझ्याच पंख्याचं वारं सगळ्यांना पाहिजे होतं. तेव्हा मी मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत न्हाई. कुणाला दिल्या ते कळलंच असेल.

मंग फोटोची वेळ आली. जाऊबाईंनी रांग लावली. मधी नवरा-नवरी, नवरीच्या उजव्या हाताला स्वतः, मंग नणंदा, पुतणसुना, चुलत सासू. सगळ्या मेंदी, खांद्याला खांदा. शेवटी माझ्याकडं बोट केलं, "ये आता तू." मी पायऱ्या चढले आणि कडेला उभी राहिले. माझ्या आणि लेकीच्या मधी सगळी भावकी.

फोटोवाल्यानं कॅमेऱ्यात बघितलं, मान वर केली, पुन्हा बघितलं. "पांढऱ्या साडीवाल्या मावशी, तुम्ही जरा आत येता का?"

"राहू दे तिला कडेलाच," जाऊबाई म्हणल्या.

"मी इथंच बरी," मी म्हणले.

तो एकामागून एक फोटो काढत गेला. जाऊबाई प्रत्येक फोटोत हजर. पदर सारखा केला, हनुवटी वर केली, कुठंच कमी पडल्या न्हाईत. मी हललेसुद्धा न्हाई.

लेक सासरी गेली. घर खायला उठलं. अल्बम तयार झाल्यावर फोटोवाल्यानं तो गावी भायांकडं दिला, कारण ऑर्डर त्यांच्या नावावर होती. आणि एका दुपारी जाऊबाई माझ्या गोदामात येऊन थडकल्या. काखेत अल्बम, हातात लग्नातली साडी ड्रायक्लीनला न्यायची पिशवी. चहा नको, पाणी नको. टेबलावरचे माझे रंगाचे डबे हातानं बाजूला सारले आणि अल्बम उघडला.

"हे काय हाये?"

मी बघितलं. देवाशप्पथ, माझी कल्पना होती त्याच्यापेक्षा चांगलं झालं होतं. मागं मेंदी, पुढं मेंदी. साडी कुठं संपते आणि पडदा कुठं सुरू होतो ते दिसतच नव्हतं. नुसती तोंडं, भिंतीला टांगल्यासारखी. नणंदेचा हात कुठून निघालाय कळत नव्हतं. मधी सोन्यासारखी माझी लेक, आणि कडेला मी, पांढरीशुभ्र. जावई निळ्या कोटात, तिच्या त्या बाजूला. ह्या बाजूला बघावं तर ती आणि मी.

"विहीणबाईंचा फोन आल्ता," जाऊबाई धापा टाकत म्हणल्या. "म्हणल्या, तुम्ही कुठंयत फोटोत? नवरीच्या आईच तेवढ्या छान दिसून राह्यल्या. मी! कन्यादान केलेली बाई मी! शोधावी लागून राह्यले!" त्यांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं. "तू मुद्दाम केलंस."

"हो."

त्यांना वाटलं होतं मी न्हाई म्हणीन. न्हाई म्हणले असते तर पुढचं भांडण त्यांचं पाठ होतं.

"हो जाऊबाई, मुद्दाम केलं. तुम्ही माझी लेक माझ्यापासून आडवा हात करून धरली ना, मी तुमचा हातच दिसू दिला न्हाई."

"लाज न्हाई वाटत? पोरीच्या लग्नात सूड?" आवाज चढला. "दिसलो न्हाई तर न्हाई दिसलो. निदान आम्ही मंगल रंग नेसून उभ्या होतो पोरीच्या मागं. सवाष्णीचा हिरवा. तुझ्यासारखं पांढरं पांघरून न्हाई."

मी थांबायला पाहिजे होतं. शहाणी बाई थांबली असती. पण हळदीच्या वेळचा तो आडवा हात माझ्या डोळ्यापुढून हलत नव्हता.

मी वाटी घेतली. पिवळा ओतला. डबा त्यांच्यापुढं धरला, "हा पिवळा, बघून घ्या." दुसरा धरला, "हा काळा. काजळासारखा काळा." काडी बुडवली, वाटीत टाकली, ढवळली. पुन्हा बुडवली. जाऊबाई बघत राहिल्या. पिवळा मळला, आणि बघता बघता मेंदी झाला. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी त्यांच्या पिशवीतून डोकावणाऱ्या त्याच साडीच्या पदराला काडी टेकवली. डाग पडला तो दिसलासुद्धा न्हाई.

"हिरवं कुठंय, जाऊबाई?" मी म्हणले. "ह्यात हिरव्याचा थेंब न्हाई. काळं हाये. लग्नात काळं चालत न्हाई म्हणून तुम्ही वरातीतल्या पोरीला काळी ओढणी बदलायला लावता ना? सगळ्या भावकीला काळं नेसवून तुम्ही माझ्या पोरीला हळद लावली. त्या सगळ्या रांगेत साडीला काळ्याचा थेंब नसलेल्या दोघीच होत्या. एक नवरी आणि एक तिची आई."

त्यांचा चेहरा उतरला. मला माहीत होतं, मी लबाडीचं बोलले. रंगाला पाप-पुण्य नसतं. काळ्यालाही नसतं. पण ही गोष्ट ज्यांना समजती ती माणसं कुणाला पांढरं नेसवत न्हाईत. जाऊबाईंच्या मापानं मोजलं की जाऊबाईंना लागतं, म्हणून त्यांच्या मापानं मोजलं.

जाऊबाई पदराला लागलेला तो न दिसणारा डाग अंगठ्यानं पुसत होत्या. पुसून पुसून बघत होत्या. मंग तशाच उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या. अल्बम टेबलावरच राहिला. न्यायला अजून आल्या न्हाईत, आणि मीही पाठवला न्हाई.

कधी कधी धंद्यावरून येऊन मी तो उघडते. तोच फोटो काढते, रांगेचा. सगळी भावकी उभी होती आमच्या मधी, खांद्याला खांदा लावून, मला माहीत हाये. पण फोटोत बघावं तर माझ्या आणि लेकीच्या मधी कुणीच न्हाई.